यायचे दहा तास नाहीत रे

बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, टोकियो ते लॉस एंजेलिस ८८०० किलोमीटर, विमान ताशी ९००, म्हणजे जायला दहा तास आणि यायला दहा तास. तू घाईत होतास म्हणून तेव्हा बोलले नाही, पण जायचं बरोबर आहे, यायचं चुकलंय, आणि परत आल्याच्या संध्याकाळी पाचलाच तू मीटिंग ठेवलीयस म्हणून मला राहवेना.

तिकडे वर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, आणि थंडीत तर त्याचा जोर आणखी वाढतो. जाताना तो पाठीशी असतो. येताना समोरून येतो, पायलट त्याला टाळायला वेगळा रस्ता धरतात तरी साडेअकरा-बारा तास लागतातच. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, तो रस्ता जवळपास चौदाशे किलोमीटरने लांब, तरी वेळ कमी लागला, का तर वारा पाठीशी! म्हणून म्हणते, नुसत्या अंतरावर जाऊ नकोस.

आठवतं का, लहानपणी आपण पृथ्वीच्या गोलावर दोन गावांत शिवणाचा दोरा ताणायचो? टोकियो आणि लॉस एंजेलिस जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, नकाशात पट्टी ठेवली तर सरळ आडवी रेघ येते, पण गोलावर दोरा ताणला की तो आपोआप वर सरकतो, पार अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांच्या दिशेने, आणि तोच रस्ता जवळजवळ ५०० किलोमीटरने कमी भरतो. तू किती वेळा दोरा ओढून खाली आणायचास, आणि तो अपुरा पडायचा. तुझे ८८०० हे त्या दोऱ्याचे आहेत.

आता घड्याळ. थंडीत दोन्हीकडच्या वेळेत १७ तासांचा फरक असतो. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालास की त्याच तारखेला सकाळी दहाच्या सुमारास उतरशील, छानच. पण परत येताना सकाळी अकराला निघालास तर दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजतात, तारीख बदललेली असते. तिकिटावर उतरायच्या वेळेशेजारी बारीक +१ असतो तो नीट बघ. मी एकदा तो बघितला नव्हता आणि तुझ्या मावशीला आणायला एक दिवस आधीच विमानतळावर जाऊन उभी राहिले होते, रात्री दोनपर्यंत, जीव नुसता टांगणीला लागला होता.

चारला विमान टेकणार, मग इमिग्रेशनची रांग, बॅगा, पुढे शहरात पोहोचायचं. पाचची मीटिंग कशी गाठणार तू? आणि शरीराला तर तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिराची वेळ घे, आजच कळव त्यांना, आणि बदलली की मला एक मेसेज टाक.

तुझी आई