कोळ्याची ओळख झाल्यावर

प्रिय वैशाली,

तुझं पत्र कालच मिळालं. भिंतीवर कोळी दिसला म्हणून रात्रभर दुसऱ्या खोलीत जागून काढलीस, हे वाचून जीव कळवळला. ती भीती मी वर्षानुवर्षं अंगात वागवली आहे. कोळी दिसला की अंगावर काटा, आणि दिसेनासा झाला की त्याहून वाईट, कारण मग तो कुठेही असू शकतो. ‘एवढासा जीव, तो काय करणार तुला?’ असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग यायचा. ते आपल्यालाही ठाऊक असतंच ना! ठाऊक असूनही भीती जात नाही, हेच तर दुखणं.

माझी कशी गेली, असं तू विचारलंस. धीर एकवटून गेली नाही. मी त्याच्याविषयी वाचत गेले, मग लांबून बघत गेले, आणि एकेक गोष्ट कळली तसतशी भीतीची एकेक जागा रिकामी होत गेली.

माझी खरी भीती होती ती त्याच्या चालीची. सुसाट पळायचं, मध्येच थबकायचं, पुन्हा पळायचं. अगं, कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांत पाय दुमडणारे स्नायू असतात, पण सरळ करणारे नसतातच! शरीरातला द्रव दाबाने पायात ढकलून तो पाय ताठ करतो, पाण्याचा जोर आला की लवचिक नळी ताठ होते तसा. मेलेला कोळी पाय आत ओढून पडलेला असतो तोही यामुळेच. दाब संपला की पाय आपोआप मिटतात. शिवाय तो लवकर दमतो, म्हणून थोडंच अंतर धावून थांबतो. ते थबकणं मला दबा धरल्यासारखं वाटायचं. हे कळल्यानंतर मी पहिल्यांदा त्याचे पाय नीट पाहिले.

दुसरं म्हणजे ‘तो अंगावर धावून येतो’ ही खात्री. बहुतेक कोळ्यांची नजर अधूच असते. त्यांना जग कळतं ते थरथरीतून आणि पायांवरच्या बारीक केसांतून, हवा जराशी हलली तरी ते केस हलतात. आपण दचकून हात झाडतो तेव्हा त्याच्यापर्यंत मोठ्ठी झुळूक पोहोचते आणि तो जवळचा अंधार गाठायला बघतो. कधी कधी तो अंधार आपल्या पायांपाशी असतो, एवढंच.

सकाळी अंगावर चट्टा दिसला की आपण लगेच कोळ्याला धरतो. पण असे पुष्कळ चट्टे पीडेरस नावाच्या छोट्या भुंग्यामुळे उठतात. तो चावतसुद्धा नाही. त्वचेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने आग होते. आता विषाचंही खरं ते सांगते, कारण अर्धवट दिलासा तुला नको असेल. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांत विष असतं, पण ते किड्यांसाठी. ५० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्या माणसाला धोकादायक आहेत. सगळ्यांत भयंकर समजल्या जाणाऱ्यांपैकी एक म्हणजे सिडनीचा फनेल-वेब. त्यावर १९८१ मध्ये प्रतिविष आलं आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने कुणी दगावल्याची नोंद नाही.

उष्ण प्रदेशांत घराच्या भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा, लांब पायांचा असतो ना, तो हंट्समन. तो जाळं विणत नाही, रात्री हिंडून झुरळं पकडतो. त्याची मादी अंड्यांची चपटी गोल पिशवी पोटाखाली धरून फिरते. तशी एक मला दिसली तेव्हा मी दारात उभी राहून किती वेळ तिच्याकडे बघत होते. भीती होतीच, पण तिच्या बरोबरीने काळजीही होती, तिला कुणी मारू नये अशी.

आणि उडी मारणारे कोळी! यांच्यावर तर माझा जीव जडलाय. नखाहूनही लहान, पण नजर अशी तीक्ष्ण की तू हललीस तर वळून तुझ्याकडे बघतात. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत, आतला पडदाच इकडेतिकडे सरकतो. उडी मारण्याआधी ते रेशमाचा धागा चिकटवून ठेवतात, नेम चुकला तर लटकायला. पोर्शिया नावाचे तर भक्ष्य नजरेआड होईल एवढा लांबचा वळसा घालून त्याच्यापर्यंत पोहोचतात. इतक्याशा डोक्यात एवढा बेत मावतो!

थोडं विषयांतर करते. १८३२ मध्ये डार्विनच्या बीगल जहाजावर, किनाऱ्यापासून सुमारे ६० मैल आत समुद्रात, असंख्य चिमुकले कोळी धाग्यांवर तरंगत येऊन उतरले होते. आणि २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वारा नसतानाही, नुसत्या विद्युतक्षेत्राच्या जोरावर कोळी वर उचलला जाऊ शकतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने.

तू मात्र घाई करू नकोस. पळून गेलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच भीती आणखी मुरते. म्हणून पळण्याऐवजी फक्त लांब उभी राहा. कोपऱ्यात उलटा लटकणारा, काडीसारख्या पायांचा कोळी दिसला तर त्याच्यापासून सुरुवात कर. जाळ्याला धक्का लागला की तो स्वतःला इतका जोरात हलवतो की धूसर दिसायला लागतो. तो त्याचा बचाव आहे, त्यापलीकडे तो काही करत नाही. आणि हे एकटीने झेपत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, मनात काही आणू नकोस. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्येच अशा भीतीवर एकाच दीर्घ बैठकीचा उपचार मांडला होता, फार तर तीन तासांचा.

या पत्रासोबत एकही चित्र ठेवलेलं नाही, मुद्दामच. तू म्हणशील तेव्हा आधी पेन्सिलने काढलेलं पाठवीन, फोटो त्यानंतर.

तुझीच,
नीता