धरण भरले ही बातमी, चिंता मिटली हे मत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जायकवाडीचे दरवाजे उघडले की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : ‘नाथसागर तुडुंब, मराठवाड्याची चिंता मिटली’. यातला पहिला भाग, म्हणजे जायकवाडीच्या नाथसागर जलाशयातला साठा, पैठणला धरणावर रोज मोजला जातो. दुसरा कोणी मोजला? लिहिणाऱ्याला तसे वाटले, एवढाच त्याला आधार. पण दोन्ही एकाच ओळीत, एकाच जाड टाइपात छापले की वाचणारा दोन्ही सारखेच खरे धरून चालतो.

मी मानवत तालुक्यातल्या एका गावचे वाचनालय सांभाळते. आमचे रान जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलकडे, म्हणजे शेवटच्या टोकाकडे आहे, म्हणून हा मथळा मला जरा जास्तच लागतो. डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. धरण शंभर टक्के भरले तरी पाण्याच्या पाळ्या किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. त्यानंतर चाऱ्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणारे लहान पाट, साफ आहेत का, वरच्या भागात किती पाणी उचलले गेले, यावर आमच्या ज्वारीचे काय होणार ते अवलंबून. लातूरकरांचा तर या मथळ्याशी संबंधच नाही. त्यांच्या शहराचे पाणी केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून येते. तिथले पाणी आटले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आठ जिल्ह्यांची चिंता एका धरणावर मिटवून टाकणे हे मत आहे, आणि तेही घाईचे.

उन्हाळ्यात याच्या उलट होते. ‘जायकवाडी कोरडे’ असे छापून येते. खाली बारीक अक्षरात असते, उपयुक्त साठा शून्य टक्के. नाथसागराची एकूण साठवण २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे. त्यातली २,१७१ उपयुक्त आणि ७३८ मृतसाठा, म्हणजे कालव्यात न उतरणारे तळचे पाणी. टक्केवारी दिली जाते ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे काटा शून्यावर आला तरी धरणात सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असते, आणि छत्रपती संभाजीनगर व जालन्याच्या पिण्यासाठी ते उपसता येते. संकट खरेच असते, त्याला कमी लेखू नये. पण ‘उपयुक्त साठा शून्य’ ही मोजलेली गोष्ट आहे आणि ‘कोरडे’ ही नाही.

आमच्या वाचनालयात संध्याकाळी पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी मुले-मुली येतात. त्यांना मी पेन्सिल घेऊन पेपर वाचायला सांगते. प्रत्येक वाक्याला विचारायचे, हे कोणी मोजले, कुठे नोंदले, दुसऱ्याला जाऊन तपासता येईल का? येत असेल तर खाली रेघ. ‘मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, अतिवृष्टीची नोंद’ याला रेघ येते, कारण महसूल मंडळाचे पर्जन्यमापक आहे आणि आकडा तहसीलला जातो. ‘शेतकरी हवालदिल’ यावरून मात्र दोघांत चांगलीच जुंपली. एकाचे म्हणणे, माझा बाप हवालदिल आहे, मी डोळ्यांनी बघतोय. दुसरी म्हणाली, तुमचे काळे रान, पाणी साचले. आमच्या बरडावर, हलक्या रानात, कापूस उभा आहे. दोघेही खरे बोलत होते. बातमीत मात्र कोणत्या गावात किती हेक्टर आणि पंचनामा झाला का, यातले काहीच नव्हते. ते असते तर वाद घालायची वेळच आली नसती.

मोंढ्याच्या बातम्या अधिक फसव्या, कारण त्यांतला आकडा खरा असतो. बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. मथळ्यात कमाल येतो. तो वाळलेल्या, निवडक मालाच्या एखाद्या ढिगाला मिळालेला असतो. बाकीचा बहुतेक माल सर्वसाधारण दराच्या आसपास गेलेला असतो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, हे सरकारने जाहीर केलेले आहे. तो मिळतो खरेदी केंद्रावर, तेही १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाला. ‘सोयाबीन उत्पादकांना ५,३२८ रुपये मिळणार’ हा झाला अंदाज. तो वाचून माल घरात ठेवणारा माणूस अंदाजावर घर चालवतो.

पुढाऱ्यांच्या भाषणांचे तर विचारूच नका. अमुक असे म्हणाले, एवढेच त्यात खरे असते.

मतच नको, असे माझे म्हणणे नाही. तुमचा अग्रलेख मी आधी वाचते. नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याच्या वादात तर तुम्ही मराठवाड्याची बाजू ठासून मांडावी. पण तिथेही पाया कशाचा ते आधी सांगा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा आहे. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावे, हे सूत्र या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने दिले. एवढे हातात असले की आमची पोरे नाशिक-नगरच्या पोरांशी नीट भांडू शकतात. ‘त्यांनी आमचे पाणी पळवले’ एवढेच पाठ असेल, तर समोरचा एक आकडा काढतो आणि आपल्याला गप्प बसावे लागते.

माझी विनंती एवढीच. धरणाची बातमी छापताना साठा उपयुक्त की एकूण आणि तो कोणत्या तारखेचा, ते मथळ्याखालीच द्या. वार्ताहराला जे वाटले ते वेगळ्या चौकटीत, त्याच्या नावाने छापा. आणि ‘दिलासा’ लिहिण्याआधी चारीच्या शेवटच्या गावात कोणालातरी फोन लावून विचारा, पाणी आले का?

आपली,
ग्रामवाचनालयाची ग्रंथपाल,
ता. मानवत, जि. परभणी