उद्याच्या डिस्कचे अंदाज, आणि आमचे मराठी सिनेमे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरातला पसारा कमी कसा करावा यावर लेख होता, त्यात एक वाक्य होतं की जुन्या सीडी-डीव्हीडी सरळ भंगारवाल्याला द्या, आता सगळं मोबाईलवर मिळतं. आमच्या हिने ते वाक्य लाल पेनने अधोरेखित केलं आणि तो पेपर माझ्या चहाच्या कपाखाली ठेवला. बोलली काहीच नाही. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, कापलंत तरी चालेल पण शेवटचा परिच्छेद तेवढा ठेवा, कारण तो कामाचा आहे.

माझ्याकडे आठशे-नऊशे डिस्क आहेत. मोजायचं सोडून दिलंय. आणि माझ्यासारखे अजून चार जण आहेत, रविवारी सकाळी आम्ही पाचही जण अमृततुल्यात बसतो, एक बँकेतून रिटायर झालेले काका, एक झेरॉक्सवाला, एक इंजिनिअरिंगचा पोरगा (त्याच्या वयाला हे खूळ कुठून लागलं देव जाणे), एक शाळामास्तर आणि मी. लोक पावसाचा अंदाज बांधतात, निवडणुकीचा बांधतात, आम्ही पुढच्या तीन-चार महिन्यांत कुठला सिनेमा डिस्कवर येणार त्याचा बांधतो. ज्याचा अंदाज चुकला तो क्रीमरोल देतो. मी या वर्षात बरेच क्रीमरोल दिलेत.

बाहेरच्यांना हा येडेपणा वाटतो, पण याला शास्त्र आहे. अमेरिकेतली, निवडक सिनेमे डिस्कवर काढणारी क्रायटेरियन म्हणून कंपनी आहे, १९८४ पासून धंद्यात, आधी लेझरडिस्क मग डीव्हीडी मग ब्लू-रे आणि आता त्याहून स्पष्ट चित्राची फोर-के डिस्क. प्रत्येक सिनेमाच्या पुठ्ठ्याच्या कण्यावर नंबर असतो, मधला एखादा नंबर आपल्याकडे नसला की झोप लागत नाही अशी माणसं मी पाहिलीत (म्हणजे आरशात). ते लोक महिन्याच्या मध्याला तीन महिन्यांनंतरची यादी जाहीर करतात, आणि नवीन वर्षाला एक चित्र काढतात ज्यात त्या वर्षी येणाऱ्या सिनेमांच्या खुणा लपवलेल्या असतात. त्या चित्रावर आमचा अख्खा जानेवारी जातो. झेरॉक्सवाला ते मोठं करून आणतो, आणि कोपऱ्यात साधं झाड दिसलं तरी मास्तरांना त्यात सत्यजित राय दिसायला लागतात.

पण खरा सुगावा चित्रात नसतो, तो आधीच लागलेला असतो. जुना सिनेमा दुरुस्त करायला वर्ष-दोन वर्षं जातात, मग तो मे महिन्यात फ्रान्समधल्या कान किंवा जूनच्या शेवटी इटलीतल्या बोलोन्याच्या फेस्टिवलला दाखवतात, तिथल्या पाटीवर कुणी पैसे घातले आणि कुणाच्या लॅबमध्ये काम झालं ते लिहिलेलं असतं. त्यात जेनस फिल्म्स हे नाव दिसलं की आम्ही खुर्चीत ताठ बसतो, कारण जेनसने अमेरिकेत थेटरात लावलेला सिनेमा बहुतेक वेळा क्रायटेरियनच्या डिस्कवर येतोच. इंग्लंडमध्ये तर अजून सोपं, तिकडे डिस्क विकायची तर आधी त्यांच्या सेन्सॉर बोर्डाचं वर्गीकरण लागतं आणि ते बोर्ड आपले निकाल उघड छापतं, त्यामुळे कंपनीने तोंड उघडायच्या आधीच आमच्या पोराला पत्ता लागलेला असतो. सत्यजित रायांच्या अपूच्या तिन्ही सिनेमांचा सुगावा असाच आधी लागला. १९९३ ला लंडनच्या लॅबला आग लागली, निगेटिव्ह जळाल्या, पण ते जळके तुकडे कुणी फेकले नाहीत, पुढे बोलोन्याच्या लॅबने ते मऊ करून, हाताने जोडून पाथेर पांचालीचा साधारण चाळीस टक्के भाग मूळ निगेटिव्हवरून परत उभा केला, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात सेट आला. दुरुस्तीची बातमी कानावर आली त्या दिवशी काकांनी कपाटात जागा करून ठेवली होती. आपल्याकडे असे जळके तुकडे असते तर शिपायाने संध्याकाळपर्यंत झाडून बाहेर टाकले असते.

डिस्क येते ती काय आपल्या दारात येत नाही. ब्लू-रेला जगाचे तीन भाग पाडलेत, अमेरिका ए मध्ये आणि आपण सी मध्ये, त्यामुळे तिकडची डिस्क इकडच्या साध्या प्लेअरला चालत नाही, पडद्यावर नुसती सूचना येते आणि आपण तोंडात मारल्यासारखे बसतो. फोर-केला ही भानगड नाही, पण त्याचा प्लेअर वेगळा. काकांचा भाचा न्यू जर्सीला आहे, तिकडे एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानात जुलै आणि नोव्हेंबरला क्रायटेरियन अर्ध्या किमतीत मिळतात, तो तेव्हा घेऊन ठेवतो आणि दिवाळीला किंवा गणपतीला आला की स्वेटरमध्ये गुंडाळून आणतो. जाताना त्याच बॅगेत भाजणी आणि मेतकूट जातं. आमच्या ग्रुपचा आयात-निर्यात व्यवहार एवढाच.

सध्या वाद चालू आहे तो शोलेवर. जुने सिनेमे वाचवणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनवाल्यांनी तो पूर्ण दुरुस्त केला, आणीबाणीत बदलायला लावलेला मूळ शेवट परत जोडला, २०२५ च्या जूनमध्ये बोलोन्याच्या चौकात दाखवला आणि डिसेंबरात आपल्याकडे थेटरात पण लावला. आता डिस्क कोण काढणार, कधी, आणि दोन्ही शेवट एकाच सेटमध्ये देणार का, ठाकूर गब्बरला मारतो तो पण आणि पोलीस येतात तो पण. पोरगा म्हणतो दोन्ही देतील, मास्तर म्हणतात एकच. माझं मत मास्तरांसारखं आहे पण क्रीमरोलच्या भीतीने मी बोललो नाही.

आता मुद्दा. हे सगळं चालू असताना मागच्या महिन्यात टपरीवरचा पोऱ्या, जो रोज आमची बडबड ऐकतो, त्याने विचारलं की काका मराठी कुठला येणारे? पाचही जण गप्प. कुणाला अंदाजच बांधता येईना, चुकीचा सुद्धा. अंदाज बांधायला काहीतरी खूण लागते हो, कुठूनतरी धूर दिसायला लागतो, आमच्या मराठी सिनेमाच्या बाबतीत धूर पण नाही.

असं नाही की काही घडत नाही. पिंजरा २०१६ ला रंग-आवाज साफ करून परत थेटरात लागला, आम्ही पाचही जण गेलो, बाहेर येताना मी पैज लावली की सहा महिन्यात ब्लू-रे. माझ्या कपाटात तिची जागा अजून रिकामी आहे. २०२२ च्या मेमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की ३६३ कोटी खर्चून २२०० सिनेमे दुरुस्त करणार, ते काम आपल्या पुण्यातल्याच फिल्म अर्काइव्हकडे, म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं, आणि भाषावार समित्यांनी सिनेमे निवडलेत म्हणे. छान. मग त्यातले मराठी कुठले, कुठला स्कॅन झाला, कुठल्याची नुसती फाटकी प्रिंट आहे, हे महिन्याला एक कागद दारावर चिकटवून सांगितलं तरी बाकीचा अंदाज आम्ही बांधू, आम्हाला तेवढीच सवय आहे.

घाशीराम कोतवालचं तर हसावं की रडावं कळत नाही. १९७६ चा सिनेमा, फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी सहकारी पद्धतीने केलेला, पटकथा तेंडुलकरांची, ओम पुरी पडद्यावर नवा. पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट, पुण्यात घडलेली, पुण्यात शिकलेल्या पोरांनी काढलेली, आणि शाबूत प्रिंट सापडली कुठे तर बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत. त्यांनी ती नीट डिजिटल केली आणि डीव्हीडी काढली. म्हणजे नाना फडणवीसाला बघायला आम्हाला जर्मनीला ऑर्डर टाकायची. आमच्या पाचपैकी एकानेही हा अंदाज बांधला नव्हता, बांधला असता तर त्याला जन्मभराचे क्रीमरोल दिले असते.

आणि मागायचं म्हणाल तर मी फार मोठं मागत नाहीये. प्रभातचं घ्या. त्यांनी एकच सिनेमा मराठीत आणि हिंदीत शेजारी शेजारी काढला, अयोध्येचा राजा तसाच, १९३७ चा कुंकू आणि त्याची हिंदी दुनिया ना माने, १९३९ चा माणूस आणि त्याची आदमी. दोन्ही एका सेटमध्ये द्या, मी एका टीव्हीवर कुंकू आणि दुसऱ्यावर दुनिया ना माने लावून बघत बसेन की शांता आपटेची मान कुठल्या शॉटमध्ये किती वळते. तीच शांता आपटे त्यात चक्क इंग्रजी कविता गाते. माणूसमधल्या कशाला उद्याची बात या गाण्यात किती भाषा येतात, त्याला खाली सबटायटल मिळाली तर माझ्या नातीला पण कळेल. आम्ही पाच जण मात्र उद्याच्या बातीवरच जगतोय. संत तुकाराम, १९३६ चा, व्हेनिसला गाजलेला, त्याची जगाला दाखवावी अशी एक डिस्क येईल असा अंदाज मास्तर दर आषाढीला बांधतात. दर आषाढीला क्रीमरोल देतात. प्रभातच्याच जागेतल्या तिजोरीत २००३ ला नायट्रेटच्या रिळांना आग लागली, त्यात काय काय गेलं ते आठवलं की मास्तर चहा अर्धा टाकतात. म्हणून जे उरलंय त्याची घाई.

कुणी म्हणेल विकत कोण घेणार. मोजर बेअर कंपनीने एकेकाळी व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला काढली तेव्हा भाजीवाल्या मावशींच्या पिशवीत पण डिस्क असायची, तो काळ परत येणार नाही हे आम्हालाही कळतं. र्‍हिदम हाऊस हे गाण्यांचं-डिस्कचं जुनं दुकान २०१६ ला बंद झालं त्या आठवड्यात मी मुंबईला मुद्दाम गेलो होतो, उगाच कपाटावर हात फिरवून आलो. ओप्पोसारख्यांनी चांगले प्लेअर बनवायचं २०१८ लाच थांबवलं. पण परदेशात हेच लोक थोड्या प्रती काढतात, आधी पैसे घेऊन बुकिंग करतात, किंमत तिप्पट लावतात आणि आमच्यासारखे येडे निमूटपणे देतात. पाचशे प्रती काढा, दीड-दोन हजार लावा, सोबत एक पुस्तिका द्या. दिवाळी अंकाला आपण पैसे मोजतोच की.

मोबाईलवर मिळतं म्हणता, ते मी पाहिलंय. चौकोनी चित्र टीव्हीभर ताणलेलं, नाहीतर वरून-खालून कापलेलं, म्हणजे नऊवारी नेसलेल्या बाईचे पाय नाहीत आणि पागोटेवाल्याचं पागोटं नाही. गाणी गायब. आज आहे आणि करार संपला की उद्या नाही.

तसं व्हीसीडीनेही मला कमी छळलेलं नाही, खोटं कशाला बोलू. वीसेक वर्षांपूर्वी एका कंपनीची व्हीसीडी घेतली होती, जुना कृष्णधवल कौटुंबिक सिनेमा, दोन डिस्कचा. पहिली लावली. देवघराचा सीन, समईचा उजेड नायिकेच्या गालावर, काय सुंदर प्रकाशयोजना, आणि विठोबाच्या बरोबर मुकुटावर कंपनीचा फोन नंबर सरकतोय. ते पण चालवून घेतलं. नायिका विहिरीच्या काठाशी येते, मागे वळते, म्हणते "तुम्हाला खरं सांगू का" आणि डिस्क संपली. उठलो, दुसरी घातली, तर तिच्यात भलताच रंगीत विनोदी सिनेमा, तो पण मधूनच सुरू, एक माणूस लुगडं नेसून भिंतीवरून उडी मारतोय. वर छापलेलं नाव मात्र माझ्याच सिनेमाचं. दुकानदार म्हणाला सील तोडलंय, बदलून मिळणार नाही. कंपनीचा तो मुकुटावरचा नंबर लावून बघितला, लागला नाही. त्यानंतर तो सिनेमा मला कुठेच मिळाला नाही, आणि ती काय खरं सांगणार होती यावर आमच्या पाच जणांचे पाच अंदाज आहेत, त्यावर अजून एकही क्रीमरोल दिला गेलेला नाही.

तर शेवटची कामाची गोष्ट. माझ्याकडे तुमची डिस्क आली म्हणजे तुमच्याकडे माझी गेलेली असणार. आपल्या वाचकांपैकी कुणाकडे असा विनोदी सिनेमा असेल की ज्याच्या उत्तरार्धात अचानक सगळं काळं-पांढरं होतं आणि विहिरीकाठी एक बाई बोलायला लागते, तर कृपया ती भंगारात देऊ नका, या पेपरच्या ऑफिसात आणून द्या, बदल्यात लुगडंवाल्याची डिस्क मी जपून ठेवलीय, एक ओरखडा नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
पुणे ३०