पिंप कोणाकोणाच्या हातांतून आले?

महोदय,

खोकल्याच्या विषारी औषधांवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. कळकळीने लिहिला आहे, पण ‘कारखान्यातील अशुद्ध ग्लिसरीनमध्ये राहून जाणारे विष’ हे शब्द मला खटकले. त्याच दुपारी वाशीहून मेहुणीचा फोन आला, “भावोजी, टाचांना लावायचं ग्लिसरीन फेकून देऊ का?” 1984 पासून चौतीस वर्षे मी ग्लिसरीन शुद्ध करण्याच्या प्लांटवर शिफ्टमध्ये काढली. तिला म्हटले, बाटली ठेव आणि टाचांना लाव. तुम्हाला मात्र जरा सविस्तर लिहितो.

आमचा कच्चा माल म्हणजे साबणाच्या कढईखाली उरणारे खारट पाणी. आम्ही त्याला नुसते ‘लाय’ म्हणायचो. शंभरात आठ-दहा भाग ग्लिसरीन, बाकी पाणी, मीठ, थोडा कॉस्टिक सोडा आणि साबणाचे अवशेष. आधी आम्ल आणि फेरिक क्लोराइड टाकून घाण खाली बसवायची, फिल्टर प्रेसमधून गाळायचे, परत कॉस्टिक घालून आम्लता मारायची. मग पाणी आटवायचे. आटता आटता मीठ खाली पडते. ते धुऊन पुन्हा साबणाच्याच कामाला जाते. उरते ते 80 टक्क्यांचे कच्चे ग्लिसरीन, रंगाने थेट काकवी.

खरी कसोटी यापुढे. ग्लिसरीन 290 अंशांना उकळते, पण तेवढे तापवले तर ते फाटते आणि अ‍ॅक्रोलीन तयार होते. कढईतले तेल जळल्यावर डोळ्यांना झोंबतो ना, तोच हा वायू. म्हणून हवा ओढून घेऊन ऊर्ध्वपातन करायचे. दाब पाऱ्याच्या 10 मिलिमीटरवर आणला की ग्लिसरीन 167 अंशांच्या आसपास उकळते. एका रात्रपाळीत बॉयलरची वाफ उतरली, वाफेच्या जोरावर हवा ओढणारे इजेक्टर दमले आणि व्हॅक्यूम पडला. तापमान चढले कधी ते आधी नाकाला कळले, काट्याकडे मग पाहिले. चौघेही डोळे पुसत बाहेर. तो माल पिवळा पडला होता, सबंध परत भट्टीवर चढवला. एरवी वरून निघालेले ग्लिसरीन सक्रिय कोळशातून गाळले की पाण्यासारखे नितळ, 99.5 टक्के. मीठ आणि डांबरासारखा गाळ तळाशी राहतो. बायोडिझेल बनवताना निघणाऱ्या कच्च्या ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल असते, ते विषारीच. पण ते 65 अंशांना उकळते, त्यामुळे सगळ्यांत आधी उडून जाते.

मग या सगळ्यात त्या औषधांतले विष, म्हणजे डायइथिलीन ग्लायकोल, कुठे आले? कुठेच नाही. ते खोबरेल तेलात नसते, चरबीत नसते, कॉस्टिकमध्येही नसते. ते पेट्रोरसायनांच्या कारखान्यात इथिलीन ऑक्साइडपासून तयार होते. आमच्याकडून काम वाईट झाले तर ग्लिसरीन पिवळे, खारट किंवा वासाचे निघेल. असले औद्योगिक ग्लिसरीन औषधात घालूच नये, हे कबूल. पण मूत्रपिंडे निकामी करणारे ते रसायन कोणीतरी ओतल्याशिवाय किंवा पिंपांची अदलाबदल झाल्याशिवाय त्यात येत नाही. तेही गोड, बिनरंगाचे, दाटसर आणि स्वस्त. डोळ्यांनी ओळखू म्हणाल तर मलाही जमणार नाही.

जे. जे. रुग्णालयात 1986 च्या सुरुवातीला 14 रुग्ण दगावले, ते याच भेसळीने. मेंदूवरचा आणि डोळ्यांतला दाब उतरवायला त्यांना ग्लिसरीन दिले होते. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी रवाना झालेल्या प्रत्येक पिंपाचा क्रमांक रजिस्टरशी ताडून पाहिला, दोन दिवस डबा उघडला नाही. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उघडी पाडली. 2006 मध्ये पनामात खोकल्याच्या औषधाने माणसे दगावली, त्यातल्या ग्लिसरीनची पिंपे चीनमधून स्पेनमार्गे आली होती, कागदावर 99.5 टक्के शुद्ध ग्लिसरीन. 2025 मध्ये खोकल्याचे औषध घेतलेली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. तिथे संशय होता तो ग्लिसरीनवर नव्हे, औषध विरघळवायला वापरतात त्या प्रॉपिलीन ग्लायकोल या दुसऱ्या द्रवावर. पण विष तेच.

पिंप आमच्या फाटकातून सीलबंद जायचे. पुढे व्यापारी ते गोदामात फोडणार, 25 किलोच्या कॅनमध्ये भरणार, आपले लेबल लावणार. मूळ कारखान्याचा बॅच क्रमांक तिथेच पुसला जातो. कॅनवर तो क्रमांक आणि मूळ कारखान्याचे नाव ठेवण्याची सक्ती का नसावी? औषध कंपनीनेही दहा पिंपांतले एक उघडून नमुना घेतला, असे चालू नये. लिटरभर ग्लिसरीन भरते 1.26 किलो, डायइथिलीन ग्लायकोल 1.12 किलो, सबंध पिंपच बदललेले असेल तर साधा तराजूही सांगतो. थोडी भेसळ त्याला कळत नाही, त्यासाठी मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, कारण औषधी ग्लिसरीनमध्ये या विषाची मर्यादा 0.1 टक्क्याची आहे.

पुढच्या वेळी अशी बातमी आली, तर ते पिंप मधल्या वाटेत कोणी फोडले आणि वापरण्यापूर्वी कोणी तपासले, एवढे दोन प्रश्न आपल्या वार्ताहराला विचारायला सांगावेत, ही विनंती.

– एक निवृत्त शिफ्ट इनचार्ज, डोंबिवली (पूर्व)