अकराव्या पायरीवरच्या होम्सला

प्रिय होम्स,

शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे आणि मग वाच, पत्र लांबणार आहे. दोन वर्षं होत आली, आपण शेरलॉक होम्सच्या गोष्टीतलं एकेक पात्र घेऊन आळीपाळीने रिप्लाय लिहायचो त्याला, तू होम्स, मी त्याची घरमालकीण हडसनबाई. मधे दोन वाढदिवस गेले, दोन्ही वेळा मी तो फुग्यांचा स्टिकर टाकला, तू हात जोडलेला टाकलास, संपलं. माझी पाठ तशीच आहे, गोळ्या चालू आहेत, सोड. तू घर बदललंस आणि नोकरीपण, हे मला वॉटसनकडून कळलं आणि जरा लागलं, पण बोलायला मला तोंड कुठाय. नवीन बॉस आधीच्यासारखा नसू दे एवढंच. वॉटसनचं पोर चालायला लागलंय, तो आता रिप्लायमधे गोळीबार लिहितो आणि खाली पोराचा फोटो टाकतो, सगळा मूड जातो.

तर पहिला गुन्हा. मी नवीन होम्स घेतला.

तुझा होम्स जिन्यात अकराव्या पायरीवर उभा आहे, हातात ओली हॅट, वर खोलीत कोणीतरी आहे हे त्याला कळलंय, आणि तिथे तुझा रिप्लाय संपतो. शेवटचं वाक्य मला पाठ आहे, "त्याने श्वास रोखला आणि मोजलं." काय मोजलं गं? सतरातल्या उरलेल्या सहा पायऱ्या, का वरच्या माणसाची पावलं? मी हे दीड वर्ष डोक्यात घेऊन फिरले. विचारलं नाही, कारण तो रिप्लाय आणि तुझ्या दादाचा मेसेज एकाच आठवड्यातले, आणि त्यानंतर "पुढचा रिप्लाय कधी टाकतेस" असं विचारणारी मैत्रीण मला व्हायचं नव्हतं. मग मी काहीच न विचारणारी झाले. ते जास्त वाईट, कळतंय मला. मूळ कथांत 1893 मधे होम्स धबधब्यात गेल्यावर वाचकांना तो जिवंत परत मिळायला 1903 उजाडलं, मी दीड वर्षात धीर सोडला.

नवीन मुलीला आम्ही धाकटे होम्स म्हणतो. चांगली लिहिते. तुझ्यासारखी नाही (लगेच खूश होऊ नकोस), पण समोरच्याला धरायला काहीतरी ठेवते, म्हणजे रिप्लायच्या शेवटी एखादा प्रश्न, एखादं दार अर्धवट उघडं, असं. नाहीतर तुला आठवतोय ना तो इन्स्पेक्टर लेस्ट्रेड लिहिणारा, "हं, म्हणाला लेस्ट्रेड." एवढाच रिप्लाय. त्याच्यावर मी काय लिहायचं, कपाळ?

आणि एक गोष्ट ऐकून तुला राग येईल, तिने तीन पुराव्यांचा नियम पहिल्याच दिवशी मान्य केला. तू माझ्याशी दोन महिने भांडली होतीस त्याच्यावरून. मी नुसतं निवेदनात लिहिलं होतं की हडसनबाईंनी बहिणीचं पत्र उशीखाली ठेवलं, आणि तुझा होम्स खालून ओरडला, "पत्राचं उत्तर लिहिलंत का?" मी म्हटलं हे मेटागेमिंग आहे, हे तू वाचलंस, त्याने नाही पाहिलेलं. तू म्हणालीस, तो होम्स आहे, त्याने डिड्यूस केलं. अगं पण मग काय, होम्सला खेळणाऱ्याने वाट्टेल ते वाचावं आणि डिडक्शनचा शिक्का मारून मोकळं व्हावं? शेवटी ठरलं की मी माझ्या रिप्लायमधे दिसण्यासारख्या तीन गोष्टी टाकायच्या आणि तुझ्या होम्सने फक्त त्यांवरून ओळखायचं. पुढच्याच सीनला मी टाकलं, अंगठ्याला काजळी, एप्रनची गाठ पुढे, आणि रोज पायऱ्यांवर दोन ठिकाणी थांबणारी बाई आज तीनदा थांबली. आणि तू त्यावरून जो रिप्लाय लिहिलास ना, की त्यांनी पत्र जाळलंय, घाईत, आणि आता पस्तावल्यात, तो मी अजूनही नवीन लोकांना दाखवते. म्हणजे नियम माझा आणि शहाणी तू. नेहमीचंच.

आता दुसरा गुन्हा, खरा हा आहे.

गेल्या महिन्यात आम्ही होम्स परत येतो तो सीन सुरू केला. सगळे म्हणत होते, मीच टाळत होते. धाकट्याने स्टार्टर, म्हणजे सीनचा पहिला रिप्लाय, टाकला, उत्तम होता, धुकं वगैरे अजिबात नाही, नुसता दाराच्या कडीचा आवाज. आणि मग शेवटी हे: "हडसनबाईंच्या हातातला ट्रे पडला. त्या धावत आल्या आणि होम्सच्या छातीवर डोकं ठेवून कितीतरी वेळ हुंदके देत राहिल्या."

आता गॉडमोडिंग आहे हे, दुसऱ्याचं कॅरेक्टर आपण हलवायचं नाही हे पहिल्या पानावर लिहिलंय. पण होतं कधीकधी, नवीन मुलगी आहे, "बाई गं, माझी हडसन मला दे" म्हणायचं आणि हसायचं. मी काय केलं माहितीये? मी विंगेत गेले (आपल्या गप्पांच्या ग्रुपचं नाव अजून तेच आहे, तू ठेवलेलं) आणि रात्री दीड वाजता तिला सहाशे शब्द झाडले. की ही बाई कुणासमोर रडत नाही. सहा वर्षं मी तिला लिहितेय, सहा वर्षांत ती एकदाही रडलेली नाही, कॅरेक्टर म्हणजे डोळ्यांचा रंग नि आवडता ऋतू नाही, कॅरेक्टर म्हणजे तो माणूस काय करणार नाही ते, आणि ते तू एका ओळीत मोडलंस. वॉटसनने मधे पोराचा फोटो टाकून विषय बदलायचा प्रयत्न केला, बिचारा.

ती सकाळी आली. आधी सॉरी म्हणाली, गॉडमोडिंगबद्दल, अगदी नीट. आणि मग म्हणाली, ताई, रडण्याचं मात्र मी मनाने नव्हतं लिहिलं, कॅननमधे, म्हणजे मूळ कथांमधे, आहे ते. होम्स परत येतो त्या 1903 च्या कथेत त्याला बघून हडसनबाईंना जोरदार हिस्टेरिया होतो असं स्पष्ट लिहिलंय. आणि 1913 च्या त्या आजारपणाच्या कथेत तर वॉटसन बाहेर पडतो तेव्हा बाई बोळात थरथरत रडत उभ्या आहेत. दोन जागा.

मी जाऊन बघितलं. आहेत. दोन्ही मी पूर्वी वाचलेल्या होत्या, आणि 1903 च्या कथेतला होम्सच्या मेणाच्या पुतळ्याचा भाग तर माझा आवडता, बाई गुडघ्यांवर रांगत दर पंधरा मिनिटांनी जाऊन पुतळा हलवते, बाहेर बंदूकवाला बसलाय आणि ही रांगतेय. तेवढं माझ्या लक्षात राहिलं आणि त्याच कथेतलं रडणं गेलं. म्हणजे मी लक्षात ठेवायचं काय आणि विसरायचं काय ते आधीच ठरवून बसले होते. कोणामुळे, ते तुला एव्हाना कळलं असेल. तीन पुरावे देऊन झालेत माझे, पायऱ्यांवर थांबणं धरून.

तुझ्या घरच्या काकू आहेत त्या, होम्स. पहिल्यापासून.

म्हणजे ठरवून नाही गं. कॅरेक्टर शीट भरायला बसले तेव्हा हातात काहीच नव्हतं, कॅननमधे त्या बाईला चेहरा नाही, वय नाही, स्कॉटिश असावी हे लोक नाश्त्याबद्दलच्या एका वाक्यावरून ठरवतात, आणि 1891 च्या एका कथेत तर खुद्द लेखक तिला टर्नरबाई म्हणून गेलाय. (त्याच वर्षी वॉटसनची बायको त्याला जॉन सोडून जेम्स म्हणते, लेखकाचं त्या वर्षी काय बिनसलं होतं कोण जाणे.) मग रिकाम्या जागेत मी काय भरलं? "बसते गं, बसतेच आहे," म्हणत चौकटीला धरून उभं राहायचं. आधीच घडी केलेली चादर उलगडून परत घडी घालायची, म्हणजे समजायचं की आज काहीतरी झालंय. आणि कशी आहेस विचारलं की, "मला काय धाड भरलीय!" व्हिक्टोरियन लंडनमधली घरमालकीण म्हणतेय, मला काय धाड भरलीय, आणि सहा वर्षांत एकालाही ते खटकलं नाही. धाकट्याने तर विचारलं होतं, ताई हा डायलॉग कुठून सुचला, आणि मी म्हणाले, असाच. असाच! त्या "असाच"नंतर मला दोन दिवस झोप नीट लागली नाही.

तुझ्या लक्षात आलं होतं का गं कधी? मला वाटतं आलं होतं. चादरीच्या त्या रिप्लायनंतर तू विंगेत नुसतं "हं" लिहिलं होतंस, आणि तू कधीच नुसतं "हं" लिहीत नाहीस, तू लेस्ट्रेड नाहीस.

अजून एक. शीटवर नावाची जागा अजून रिकामी आहे. सगळे मार्था म्हणतात, 1917 च्या एका कथेत कुठलीतरी म्हातारी मोलकरीण मार्था आहे तिला उचलून लोकांनी हडसन केलंय, कॅननमधे पहिलं नाव नाहीच. मी ऐटीत सांगायचे, मी कॅननशी प्रामाणिक आहे, नाव देणार नाही. पण परवा बसल्याबसल्या डोक्यात आलं की काकूंचं नाव मला दादाच्या त्या मेसेजमधे पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं घरी येऊन जाऊन. काकू म्हणजे काकू. मी त्यांची बारीकसारीक लकब टिपली, कुठल्या गुडघ्यावर हात ठेवून उठतात ते मला माहीत, आणि नाव माहीत नाही. आणि मीच तुला शिकवायचे, डिटेल हवं, डिटेल हवं. तुझ्या त्या जांभळ्या डोळ्यांच्या, व्हायोलिन वाजवणाऱ्या, होम्सच्या गुप्त भाचीला मी मेरी सू, म्हणजे लिहिणारीने स्वतःच्या हौसेसाठी घातलेली सर्वगुणसंपन्न पोरगी, म्हणाले होते आणि तू तीन आठवडे बोलली नव्हतीस. वर मी तुला त्या शब्दाचा इतिहासपण ऐकवला होता, 1973, विडंबनकथा, साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट. किती आगाऊ होते मी. तुझी भाची निदान तुझ्या मनातून आली होती, माझी ग्रेट हडसनबाई तुझ्या घरातून उचललेली.

आणि आता त्यात गोम अशी आहे की मी जे उचललंय ते सगळं पाहुण्याच्या खुर्चीतून दिसलेलं. काकू रडत नाहीत हे मी कशावरून ठरवलं? माझ्यासमोर नाही रडल्या. मी गेल्यावर दार लावून त्या काय करायच्या, मला काय माहीत. ते तुला माहीत. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी त्या पोरीला रात्री दीड वाजता झापलं, ती गोष्ट मुळात मला माहीतच नाही.

नऊ दिवस झाले, माझा रिप्लाय पेंडिंग आहे. चार ड्राफ्ट केले. एकात बाई कॅननप्रमाणे रडते, वाचवत नाही, कुणी दुसरीच वाटते. एकात ती ट्रे ठेवते आणि म्हणते, "पाय पुसून या," तो सगळ्यांना आवडेल आणि म्हणूनच मला आवडत नाही, फार चटपटीत आहे. तिसरा विसर. चौथ्यात ती काही बोलत नाही, आत जाते, आणि होम्सला नुसता कपाट उघडल्याचा आवाज येतो. तो इथपर्यंत बरा आहे. मग आत काय होतं ते मला लिहिता येत नाहीये. आणि होम्सला तर दारापलीकडचं दिसत नाही, तेव्हा खरं म्हणजे लिहायची गरजही नाही, सीन तिथे संपवता येतो, धाकट्याला धरायला अर्धं दारही मिळतं. पण मला स्वतःला माहीत असल्याशिवाय तो आवाजसुद्धा खोटा येतोय, हलकाच येतोय का धाडकन, तेच ठरत नाहीये.

तर विचारायचं हे होतं. एक, मी हे चालू ठेवू का? नको म्हणालीस तर हडसनबाई बहिणीकडे जाईल, कायमची, कारण विचारणाऱ्याला मी बघून घेईन. दोन, सांगावंसं वाटलं तरच, दाराआडचं काहीतरी. एक ओळ चालेल. लिहिणार नाही मी ते, नुसतं माहीत असू दे. आणि नाही सांगितलंस तरी ठीक आहे, तेव्हा रागाने सांगू नकोस आणि माझी कीव येऊनही नको.

काकूंच्या वेळी मी आले नाही. कारणं होती, तुला माहितीयेत, आणि ती पुरेशी नव्हती हेपण माहितीये. तेव्हा तुला काय लिहू हे सुचेना आणि त्याच महिन्यात हडसनबाईंचे मात्र चौदा रिप्लाय लिहिले. आत्ता मागे जाऊन मोजले.

तुझा जुना थ्रेड मी बंद केलेला नाही. धाकट्याचा होम्स वेगळ्या थ्रेडमधे आहे, एयू, म्हणजे वेगळ्या समांतर विश्वातली गोष्ट, म्हणून टाकलाय. त्याला आमच्या जिन्याच्या सतराच पायऱ्या दिल्यात, पण अकरावीवर थांबायचं नाही असं सांगितलंय. का, विचारलं तिने. म्हटलं तिथे माणूस उभा आहे.

तुझीच,
हडसन

ता. क. वॉटसनची जखम खांद्यालाच. 1887 च्या कथेत खांद्याला लिहिलीये, 1890 च्या कथेत पायाला, आणि जे आधी लिहिलं ते खरं. तू बोलत नव्हतीस म्हणून मी गेल्या वर्षी शीटवर "खांदा" कायम करून टाकलाय. ये आणि भांड.