पाटीवर तिचं पण नाव टाक

प्रिय बाळा,

फोन केला की तू गिऱ्हाईक आहे बाबा म्हणतोस आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून टाईप करतोय, रात्री निवांत वाच.

परवा लग्नात इंजिनियर होऊन मोबाईल रिपेरिंग का करतोस असं विचारलं तेव्हा तुझा चेहरा पडलेला मी बघितला. बाळा, एरिक्सन हे नाव आपण टेलिफोनची कंपनी म्हणून ऐकतो पण तो आधी एक माणूस होता, लार्स मॅग्नस एरिक्सन, १८४६ चा जन्म, स्वीडनमधल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणीच वडील गेले, खाणीत राबला. मग तारयंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागला, स्कॉलरशिपवर जर्मनीत जाऊन शिकून आला आणि १८७६ मध्ये स्टॉकहोमला एका जुन्या स्वयंपाकघरात दुकान थाटलं, कशाचं तर रिपेरिंगचं! एक पार्टनर, हाताखाली एक पोरगा, पायाने चालवायचं लेथ मशीन, आणि एका बाईंकडून उसने घेतलेले १००० क्रोनर, बस.

लोक अमेरिकेच्या बेल कंपनीचे फोन दुरुस्तीला आणायचे, हा उघडून बघायचा की कुठे काय कमी आहे. बेलचं तिकडे पेटंट नव्हतं त्यामुळे १८७८ पासून स्वतःचे फोन बनवायला लागला, आणि १८८१ ला गेव्हले गावात दोघांचे फोन तपासले तर लोकांनी याचे निवडले, साधे आणि दणकट म्हणून. दुसऱ्याची वस्तू उघडल्याशिवाय हे कळलं असतं का त्याला?

पण खरं सांगायचंय ते पुढेच आहे. त्याची बायको हिल्डा घरी बसून फोनच्या कॉइल गुंडाळायची, रेशमी धाग्याचं वेष्टण असलेली तांब्याची तार. मी आयुष्यभर टेलिफोन लाईनवर काम केलंय, जुने काळे फोन उघडलेत, घंटीची कॉइल हातात घेतलीये, केसासारखी तार असते रे ती, मध्ये कुठे एक जागी तुटली तर घंटी मुकी. असे वेढे तासन् तास घालायला किती धीर लागत असेल. नवरा बाहेरगावी गेला की कारखान्याकडेही तीच बघायची.

एरिक्सनने १९०० च्या सुमारास कारभार सोडला, शेती केली, १९२६ ला गेला, थडग्यावर दगड नको असं सांगून ठेवलं होतं. तरी कंपनीवर नाव त्याचं आजही आहेच, हिल्डाचं कुठे आहे?

सूनबाई तुझा डबा घेऊन येते आणि मग संध्याकाळपर्यंत काउंटरवरच असते, बिलं लिहिते, पार्ट मागवते, चिडलेल्या गिऱ्हाईकाला समजावते. मी दोन दिवस बसून पाहिलंय. नवी पाटी टाकतोयस ना, त्यावर तुझ्या नावाशेजारी तिचं पण नाव घाल, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. पेंटरचे पैसे मी देतो. लागली की फोटो पाठव, तुझ्या आईला दाखवायचाय.

तुझा,
बाबा