लेहच्या सहलीचा खर्च: लेकीस पत्र

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लेहच्या सहलीच्या खर्चाचा तू पाठवलेला तक्ता काळजीपूर्वक वाचला. विमानभाडे, हॉटेल, टॅक्सी, जेवणखाण सगळे नीट मांडले आहेस. मात्र शेवटच्या ओळीत ‘इतर, दहा टक्के’ म्हणून धरलेले पंधरा हजार मला पटले नाहीत. अचानक येणारा खर्च टक्केवारी पाहून येत नाही. तो कोणकोणत्या वाटांनी येऊ शकेल हे ताडून त्याचा आकडा काढावा लागतो.

लेहची विमाने बहुतेक सकाळीच उडतात आणि हवामान बिघडले की रद्द होतात. अशा वेळी कंपनी पैसे परत करते किंवा पुढच्या विमानात जागा देते, नुकसानभरपाई मात्र देत नाही. तू दिल्ली-पुणे प्रवासाचे तिकीट दुसऱ्या कंपनीचे आणि वेगळे काढायचे ठरवले आहेस. लेहमध्ये अडकलात तर ते विमान निघून जाईल आणि त्याचे बहुतेक पैसेही बुडतील. ऐन वेळचे तिकीट माणशी दहा हजार धरले तरी तिघांचे तीस हजार, शिवाय लेहमधील जादा रात्रीचे पाच-सहा हजार. म्हणून दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर दिल्लीत एक मुक्काम मुद्दाम ठेवा.

अर्णवच्या तब्येतीचेही पाहावे लागेल. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तेव्हा पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यायची. विरळ हवा कुणाला बाधलीच, तर तेथे सोनम नोरबू स्मारक हे सरकारी रुग्णालय आहे, त्यामुळे उपचारांचा बोजा फारसा पडू नये. बोजा पडेल तो पैसे भरूनही न झालेल्या नुब्रा खोऱ्यातल्या मुक्कामाचा आणि ठरवलेल्या टॅक्सीचा. टॅक्सीचे दर तेथील युनियन ठरवते, त्यामुळे घासाघीस करून काही वाचेल या भरवशावर राहू नकोस.

केदाररावांचा फोन प्रीपेड आहे आणि बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. नुब्रा, पँगाँग सरोवराकडे तर यूपीआयवर विसंबूच नये. रोख रक्कम दोघांच्या पिशव्यांत विभागून न्यावी. क्रेडिट कार्ड आहे ना, असे तू म्हणशील, पण त्यावर रोख काढली की शुल्क लागतेच, शिवाय व्याजही पहिल्या दिवसापासून सुरू होते.

माझ्या हिशेबाने पन्नास हजार राखीव हवेत आणि तेही वेगळ्या खात्यात, म्हणजे पश्मिना पाहताना त्यांना हात लागणार नाही. (शाल घ्यायचीच असेल तर तिची ओळ आत्ताच तक्त्यात घाल, माझ्यासाठी नको.) एवढी रक्कम बाजूला काढणे जड जात असेल, तर पँगाँगचा मुक्काम वगळून दोन दिवस कमी करा, पण राखीव रकमेला कात्री लावू नका.

हॉटेलची पावती मला पाठव. तारीख बदलून मिळते की पैसे बुडतात, हे वाचून कळवते.

तुझी,
आई